गेलिक नावांमधलं लॅटिन कसं ओळखायचं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं जुनं नाव 'माल्कम पेठ'. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डम्फ्रीसशायरमधला. हे आडनाव फोडलं की दोन तुकडे हाती येतात. 'मेल' म्हणजे मुंडण केलेला, अर्थात संताला वाहून घेतलेला भक्त. आणि 'कोलुम' म्हणजे संत कोलंबा, ज्यांनी इ.स. ५६३ मध्ये आयोना बेटावर मठ स्थापन केला. पहिला तुकडा अस्सल गेलिक आहे. दुसरा लॅटिन 'कोलुम्बा', म्हणजे कबुतर.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली बरीच नावं अशी जोडकामाची आहेत. ती उलगडणं अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आधी भाषा ठरवायची, मग स्पेलिंग वाचायला शिकायचं, मग नावावरचे थर काढायचे आणि त्यानंतरच लॅटिनचा शोध घ्यायचा. बहुतेकांची चूक होते ती थेट शब्दकोश उघडल्यामुळे.

पायरी १: भाषा कोणती ते ठरवा

गेलिक म्हणजे एक भाषा नव्हे. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आयल ऑफ मॅनची मँक्स या तीन सख्ख्या बहिणी. वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतॉं या त्यांच्या चुलत बहिणी. त्यांच्या शाखेला ब्रिटॉनिक म्हणतात. स्कॉटलंडमध्ये गेलिक येण्याआधी ब्रिटॉनिक आणि पिक्टिश बोलली जात होती, आणि पुढे बेटांवर व उत्तर किनाऱ्यावर नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले लोक आले. त्यामुळे स्कॉटिश नाव दिसलं की ते गेलिकच असेल असं धरून चालू नका. ग्लासगो हे नाव ब्रिटॉनिक आहे, अर्थ साधारण 'हिरवी खोलगट जागा'. ॲबर्डीनमधलं 'ॲबर' ब्रिटॉनिक-पिक्टिश आहे. नदीमुखाला गेलिक शब्द 'इन्व्हर', म्हणून इन्व्हरनेस हे निस नदीच्या मुखावरचं गाव. पिटलॉख्रीमधलं 'पिट' म्हणजे जमिनीचा वाटा, आणि ते पिक्टिश आहे.

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: नावाचं मिळालेलं सर्वांत जुनं स्पेलिंग, ते कोणत्या परगण्यात किंवा पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या विभागात) मिळालं, आणि कोणत्या वर्षी. या तीन गोष्टींशिवाय केलेला पुढचा सगळा विचार अंदाज ठरतो.

पायरी २: स्पेलिंग वाचायला शिका

गेलिक स्पेलिंग पाहून लोक घाबरतात, पण ते इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमित आहे. सगळा भर 'एच' या अक्षरावर आहे. व्यंजनानंतर 'एच' आला की तो महाप्राण दाखवत नाही, ते व्यंजन मऊ झाल्याचं सांगतो. 'बी-एच' आणि 'एम-एच' यांचा उच्चार 'व', 'टी-एच' आणि 'एस-एच' यांचा 'ह', 'पी-एच'चा 'फ', 'एफ-एच' पूर्ण गप्प. 'सी-एच' म्हणजे घशातून येणारा खरखरीत 'ख', उर्दूतल्या 'ख़बर'सारखा. शेवटी येणारे 'डी-एच' आणि 'जी-एच' बहुतेक वेळा विरून जातात. आता 'शिव्हॉन' या नावात 'बी-एच' का आहे आणि 'नीव्ह'मध्ये 'एम-एच' का, हे आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचा शेवट बदलतो आणि सामान्यरूप होतं: घोडा, घोड्याला. गेलिकमध्ये शब्दाची सुरुवातही बदलते. हाक मारताना 'शेमस'चं 'हेमिश' होतं आणि 'मारी'चं 'व्हारी'. इंग्रजी भाषकांनी ही संबोधनाची रूपंच स्वतंत्र नावं म्हणून उचलली. हेमिश हे वेगळं नाव समजून त्याचं वेगळं मूळ शोधत बसू नका. तो जेम्सच आहे, आणि जेम्समागे लॅटिन 'याकोबुस' आहे.

पायरी ३: आडनावाचे थर काढा

'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. पुढचं नाव षष्ठीत असतं. स्त्रियांची रूपं वेगळी: 'मॅक' घराण्यातली मुलगी 'निक' लावते, आयरिश 'ओ' घराण्यातली 'नी'. 'एम-सी' म्हणजे आयरिश आणि 'एम-ए-सी' म्हणजे स्कॉटिश ही समजूत सर्वत्र पसरली आहे आणि ती साफ चुकीची आहे. 'एम-सी' हा लेखनिकांचा संक्षेप आहे, दोन्ही देशांत वापरला गेलेला.

'मॅक' काढला की पुढे चार प्रकारांपैकी काहीतरी निघतं.

पहिला प्रकार व्यवसाय किंवा पद. यात 'मॅक'नंतर 'अन' हे उपपद येतं आणि त्याचा 'न' किंवा त्यानंतरचा 'त' पुढच्या शब्दाला चिकटतो. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा; मूळ शब्द 'सीर', मधला 'ट' उपपदामुळे आलेला. मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. मॅकिंटॉश म्हणजे 'तोशख'चा, म्हणजे नायकाचा मुलगा. आपल्याकडे रुग्णालयात खाटेवर घालतात त्या रबरी कापडाला परिचारिका मॅकिंटॉश म्हणतात. ते नाव चार्ल्स मॅकिंटॉश यांच्यावरून आलं; जलरोधक कापडाचं त्यांचं पेटंट १८२३ सालचं.

दुसरा प्रकार भक्तिनामं. 'मेल' किंवा 'मूल' म्हणजे मुंडित भक्त, 'गिल' म्हणजे सेवक. आपल्या रामदास-शिवदासाच्या धर्तीवर गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्तदास. मॅक्लीन म्हणजे 'जॉनच्या सेवकाचा मुलगा'; इथे 'गिल' इतका झिजलाय की फक्त 'ल' उरला. 'मॅक'नंतर लगेच 'ल' दिसला की आधी या शक्यतेचा विचार करा.

तिसरा प्रकार अंगलक्षणांवरची नावं आणि जुनी वीरनामं. कॅम्पबेल म्हणजे 'काम ब्येल', वाकड्या तोंडाचा. मर्फीमधलं 'मुर' म्हणजे समुद्र. पूर्ण अर्थ दर्यावर्दी योद्धा. मॅक्डोनल्डमधलं 'डोनल' म्हणजे जगावर सत्ता गाजवणारा, म्हणजे अंगलक्षण नसून जुनं दोन पदांचं वीरनाम. ही वीरनामं आणि अंगलक्षणं बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेली असतात. डंकन हे त्याचं चांगलं उदाहरण: 'दोन्न' म्हणजे तपकिरी, 'काह' म्हणजे लढाई. मुंबईचा जुना डंकन रोड ज्यांच्या नावाचा, ते जोनाथन डंकन १७९५ ते १८११ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते.

चौथा प्रकार वरून गेलिक, आत परका. मेकॉले हे आडनाव प्रत्येक मराठी शिक्षकाच्या ओठांवर असतं, ते १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे. त्यातला 'ऑले' म्हणजे नॉर्स ओलाफ. मॅक्लाउडचंही तसंच. इथे लॅटिन शोधणं व्यर्थ आहे.

दोन ठिकाणी पाय घसरतो. काही नावांत 'मॅक'चा 'म' गळतो आणि 'क' उरतो: कीगन म्हणजे मूळचं 'मॅक इगान'. म्हणून 'क'ने सुरू होणाऱ्या आयरिश आडनावाला आधी 'मॅक' जोडून पाहा. आणि मॅकेन्झीमधला 'झी' हा 'झी' नव्हताच. तिथे 'योख' नावाचं जुनं अक्षर होतं, 'य'चा उच्चार दाखवणारं. छपाईच्या खिळ्यांत ते नव्हतं, म्हणून दिसायला जवळचं 'झी' बसवलं गेलं.

पायरी ४: 'प'ची कसोटी

आता मुख्य काम. लॅटिन आणि गेलिक शब्द एकसारखे दिसले की लोक लगेच म्हणतात, 'हा लॅटिनमधून घेतला.' पण लॅटिन, गेलिक आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत. राजाला लॅटिनमध्ये 'रेक्स', आयरिशमध्ये 'री'. यात कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, आपल्या 'राजन्'सारखाच तो वारशाने आलेला शब्द. मग वारसा आणि उसनवारी वेगळी कशी काढायची? ज्या शब्दांत 'प' आहे तिथे उत्तर जवळजवळ हमखास मिळतं, कारण 'प'चं नशीब काळानुसार तीन प्रकारे बदललं.

अगदी जुन्या काळी, ख्रिस्ताच्याही कितीतरी आधी, केल्टिक भाषांत, म्हणजे गेलिक आणि ब्रिटॉनिक शाखांच्या कुळात, 'प' गळून गेला. त्यामुळे जिथे लॅटिनमध्ये 'प' आहे आणि गेलिकमध्ये काहीच नाही, तो शब्द वारशाचा. लॅटिन 'पातेर', आयरिश 'आहर', आपला 'पितृ'. लॅटिन 'प्लेनुस', आयरिश 'लान', आपला 'पूर्ण'. लॅटिन 'नेपोस', आयरिश 'नीअ' म्हणजे पुतण्या-भाचा, संस्कृत 'नप्तृ' आणि त्यातून आलेला मराठी 'नातू'. लॅटिन 'पिस्किस', आयरिश 'ईअस्क', मासा.

मग इ.स. चौथ्या-पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन आयर्लंडमध्ये शिरली. त्या वेळच्या आयरिशमध्ये 'प' हा ध्वनीच नव्हता, म्हणून ऐकणाऱ्यांनी त्याच्या जागी जवळचा 'क्व' वापरला आणि त्याचा पुढे 'क' झाला. जिथे लॅटिन 'प'च्या जागी गेलिक 'क' आहे, तो शब्द पहिल्या लाटेतला उसना. 'पास्खा' म्हणजे ईस्टर, आयरिशमध्ये 'काश्क'. जांभळा 'पुर्पुरा', आयरिशमध्ये 'कोर्कर'. पीस म्हणजे 'प्लुमा', आयरिशमध्ये 'क्लूव्ह'. आणि ज्या शब्दाला सगळं जग अस्सल गेलिक समजतं तो 'क्लॅन'ही यातलाच: लॅटिन 'प्लांता' म्हणजे अंकुर, रोप, त्यावरून संतती आणि संततीवरून कुळ. संत पॅट्रिक यांचं लॅटिन नाव 'पात्रिकिउस'. त्याचं अतिप्राचीन आयरिश रूप 'कोथ्रिगे' सापडतं, आणि आजचं 'पाद्रिग' हे नंतर पुन्हा घेतलेलं.

नंतर 'प' रुळला. पुढच्या लाटेतल्या शब्दांत तो तसाच राहिला: 'पापा' म्हणजे पोप, 'पाका' म्हणजे पाप ('पेक्कातुम'पासून, आपल्या 'पाप'शी त्याचा संबंध नाही, साम्य निव्वळ योगायोगाचं), 'पोग' म्हणजे चुंबन. हा 'पोग' लॅटिन 'पाक्स'वरून, म्हणजे शांतीवरून आला, कारण मिस्सेत भाविक एकमेकांना शांतीचं चुंबन देत. त्याच 'पाक्स'पासून 'पाकारे', त्यातून पोर्तुगीज 'पगार' म्हणजे चुकते करणे, आणि त्यातून आपला महिन्याचा पगार.

एकाच लॅटिन शब्दावर ही कसोटी लावून पाहा. 'पातेर'चा वारशाचा भाऊ 'आहर', त्यात 'प' नाही. आयरिशमध्ये प्रार्थनेला 'पॅदिर' म्हणतात. ती 'पातेर नोस्तेर' या प्रार्थनेवरून घेतलेली, त्यात 'प' शाबूत. मराठीतही हीच जोडी आहे: 'पिता' वारशाचा, आणि 'पाद्री' पोर्तुगीजमार्गे आलेला.

शब्दात 'प' नसेल तर विषय पाहा. नातीगोती, आकडे, शरीर, जनावरं हे बहुधा वारशाचं. चर्च आणि लेखन हे बहुधा उसनं: पुस्तक 'ल्यावर' ('लिबेर'पासून), लिहिणं 'श्क्रीव' ('स्क्रिबेरे'), धर्मगुरू 'सागर्त' ('साकेर्दोस'), बिशप 'अस्पग' ('एपिस्कोपुस'), शाळा 'स्कॉल' ('स्कोला'). आता मॅकटॅगर्ट म्हणजे धर्मगुरूचा मुलगा, मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा, गिलेस्पी म्हणजे बिशपचा सेवक, हे तुम्हाला स्वतः सोडवता येईल.

तिसरी वाट विसरू नका: शब्द न घेता अर्थ घेणं. व्हिस्की हे 'इश्का बाहा' या शब्दांचं आखूड रूप, अर्थ जीवनाचं पाणी. हे लॅटिन 'अक्वा विते'चं सरळ भाषांतर. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदीत जॉन कॉर नावाच्या मठवासीयाला 'अक्वा विते' करण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं माप) माल्ट दिल्याचं लिहिलं आहे. कल्पना लॅटिन, पण दोन्ही शब्द वारशाचे: 'इश्का' आपल्या 'उदक'च्या कुळातला, 'बाहा' आपल्या 'जीव'च्या.

पायरी ५: गावांची नावं

गावांच्या नावांत लॅटिन सर्वांत जास्त 'किल'मधून दिसतं. लॅटिन 'केल्ला' म्हणजे साधूची खोली, त्यावरून 'किल' म्हणजे छोटं चर्च. किलकेनी म्हणजे संत कॅनिस यांचं चर्च, किल्डेअर म्हणजे ओक वृक्षाचं चर्च. 'डोना' म्हणजेही जुनं चर्च, 'दोमिनिकुम'पासून: डोनामोर, मोठं चर्च. 'डिसर्ट' किंवा 'डायसर्ट' म्हणजे एकांतवास, 'देसेर्तुम'पासून. टिपरेरीमधलं कॅशेल हे 'कास्तेल्लुम'चं रूप.

'एक्लेसिया'पासून स्कॉटिश गेलिक 'एगलिश' आणि पोर्तुगीजमार्गे गोव्याची 'इगर्जी'. पण एक्लफेखन या डम्फ्रीसशायरमधल्या गावाच्या नावात हाच लॅटिन शब्द ब्रिटॉनिक भाषेमार्गे आला आहे. लॅटिन सापडलं म्हणजे ते गेलिकमधूनच आलं, असं होत नाही.

'किल'चा सापळा मोठा आहे. 'कॉल' म्हणजे रान, आणि इंग्रजी नकाशात त्याचंही 'किल' किंवा 'काइल' होतं. कॉनेमारातल्या प्रसिद्ध कायलमोरचा अर्थ मोठं रान. किलमोर नावाची काही गावं चर्चची, काही रानाची. 'बॅली'चंही तेच: बहुतेक वेळा 'बाल्या' म्हणजे गाव, पण मेयोमधलं बॅलिना म्हणजे 'ब्येल अन आहा', उताराचं तोंड, जिथून नदी पायी ओलांडता येते ती जागा. आणि आजचं अधिकृत आयरिश नाव हे इंग्रजी नावाचं मूळ असेलच असं नाही. डब्लिन हे 'दुव लिन'वरून, म्हणजे काळा डोह. आयरिशमध्ये मात्र शहराला 'बाल्या आहा क्लिया' म्हणतात, कुडाच्या उताराचं गाव.

खात्री करायची जागा म्हणजे आयर्लंडचा सरकारी स्थलनाम-संग्रह 'लोगॅनम'. तिथे गावाच्या नावासमोर जुन्या नोंदी वर्षासह मिळतात. स्थलनामांच्या अभ्यासाची ही पद्धत जॉन ओडोनोव्हन यांनी घालून दिली. १८३० पासून ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी नकाशे बनवण्याच्या कामात त्यांनी गावोगावच्या आयरिश बोलणाऱ्यांचे उच्चार टिपले आणि ते जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिले. आजही उच्चार आणि जुना कागद यांतलं एकच हाती असेल तर निष्कर्ष काढू नये. जुन्या शब्दांसाठी 'ई-डिल' हा कोश वापरा. त्यात साधारण इ.स. ७०० ते १७०० पर्यंतची आयरिश आहे, आणि लॅटिन उसनवारी असेल तर तशी नोंद असते.

पायरी ६: लॅटिन कागद वाचताना

कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये आहेत. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रं २०१५ मध्ये विनामूल्य खुली केली. बहुतेक नोंदी १८८० च्या आसपास थांबतात. 'बाप्तिझावी' म्हणजे बाप्तिस्मा दिला, 'फिलिउस' मुलगा, 'फिलिया' मुलगी. नाव षष्ठीत असेल तर ते बहुधा आईवडिलांचं: 'याकोबी' म्हणजे जेम्सचा.

इथलं लॅटिन नाव म्हणजे मूळ नव्हे, तो पाद्रीने चढवलेला पोशाख. 'कोर्नेलिउस' दिसला तर घरी त्याला 'कोनोर' म्हणत असण्याची शक्यता मोठी. 'येरेमियास'च्या मागे डर्मट असतो, 'थाद्देउस'च्या मागे टाइग, 'युजेनिउस'च्या मागे ओवेन. या जोड्यांत अर्थाचा संबंध नाही, केवळ आवाज थोडाफार जुळतो. कॅम्पबेलचंही असंच झालं: लेखनिकांनी लॅटिन कागदांत 'दे काम्पो बेल्लो', म्हणजे 'सुंदर मैदानाचा', असं लिहिलं, आणि त्यावरून हे घराणं नॉर्मन असल्याची कथा तयार झाली.

भाषांतरानेही घोळ होतो. 'सीर' म्हणजे सुतार, पण त्याच स्पेलिंगचा शब्द 'मुक्त' या अर्थाचाही आहे. म्हणून काही सुतार घराणी इंग्रजीत फ्रीमन झाली. आणखी एक: अकराव्या शतकाआधीच्या लॅटिन ग्रंथांत 'स्कोती' हा शब्द आला तर तो बहुधा आयरिश लोकांबद्दल असतो, कारण स्कॉटलंडला ते नाव नंतर मिळालं.

शोध घेताना 'ओ' आणि 'मॅक' लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे पाहा. सतराव्या-अठराव्या शतकांत असंख्य कुटुंबांनी ते सोडले, आणि १८९३ मध्ये गेलिक लीग ही आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीची संस्था स्थापन झाल्यानंतरच्या काळात अनेकांनी परत लावले. एकाच घरात भाऊ 'सलिव्हन' आणि पुतण्या 'ओसलिव्हन' असं आढळतं. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना विनामूल्य पाहता येते. तिच्यात आयरिश भाषा येते का याचा वेगळा रकाना आहे, आणि घरात आयरिश बोलत असतील तर आडनावाचं गेलिक रूप टिकून असण्याची शक्यता वाढते. त्याआधीच्या नोंदींसाठी लक्षात ठेवा: स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची नोंदणी १८५५ पासून आणि आयर्लंडमध्ये १८६४ पासून.

दुकानांत 'तुमच्या आडनावाचा अर्थ' छापलेली चित्रं मिळतात. त्यांतला अर्थ कधी बरोबरही असतो, पण घराण्याबद्दलचा दावा मात्र मानू नका. टोळीच्या नायकाचं नाव त्याच्या आश्रयाला असलेली कुटुंबंही लावत, त्यामुळे मॅक्डोनल्ड आडनाव रक्ताचं नातं सिद्ध करत नाही. नातं सांगायचं असेल तर ते पॅरिशच्या वहीतून, पिढीमागून पिढी, वर्षासह दाखवावं लागतं.